आधी कोंढाणा, मग खारदुंग ला

खारदुंग लाचा रस्ता खडा नाही. लेहमधून निघालेली ही सडक सुमारे ३९ किलोमीटरांत ३,५०० मीटरांवरून ५,३५९ मीटरांवर पोहोचते. भागाकार केला तर शंभर मीटर पुढे गेल्यावर पावणेपाच मीटर वर, म्हणजे पावणेपाच टक्के चढ. रोहतांगचा चढ याहून सौम्य आहे. मनालीपासून ५१ किलोमीटरांत तो साधारण १,९०० मीटर चढवतो, सरासरी चार टक्केही भरत नाही. हे रस्ते लष्कराच्या भरलेल्या ट्रकांसाठी आखलेले आहेत आणि ट्रकला खडी चढण झेपत नाही. म्हणून डोंगराला वळसे घालत, मनाली-लेह रस्त्यावरच्या गाटा लूप्ससारखी एकवीस-एकवीस वळणं घेत ते हळूहळू वर जातात.

पुण्याजवळचा सिंहगडाचा, म्हणजे जुन्या कोंढाण्याचा, घाट यांच्यापेक्षा खडा आहे. गोळेवाडीच्या नाक्यापासून गडाच्या वाहनतळापर्यंत सुमारे ९ किलोमीटर रस्ता आणि सुमारे ६०० मीटर चढ. सरासरी साडेसहा टक्क्यांच्या आसपास येते, आणि काही तुकड्यांवर आकडा दहाच्या पुढे जातो. तरीही दर वर्षी जून ते सप्टेंबर या मोसमात मनाली-लेह-खारदुंग ला सायकलने करायला निघालेली पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची मंडळी फेब्रुवारीपासून भल्या पहाटे सिंहगडाच्या, कसाऱ्याच्या, पसरणीच्या घाटांत घाम गाळत असतात. जिथे जायचं तो रस्ता सौम्य असताना सराव खड्या रस्त्यावर का करायचा? याचं उत्तर साध्या अंकगणितात सापडतं, आणि ते समजलं की तयारी कशी करायची हे बरंचसं आपोआप समजतं.

सायकलस्वार, सायकल आणि पाठीवरचं सामान मिळून ८५ किलो वजन धरू. ताशी ७ किलोमीटर या वेगाने आठ टक्क्यांची चढण चढायला सुमारे १४० वॉट शक्ती लागते. याच वेगाने पाच टक्क्यांची चढण चढायला साधारण ९१ वॉट पुरतात. इतक्या कमी वेगात वाऱ्याचा विरोध नगण्य असतो, जवळजवळ सगळी मेहनत वजन वर उचलण्यात जाते. म्हणजे कागदावर खारदुंग लाचा चढ सिंहगडाच्या आठ टक्क्यांच्या तुकड्यांपेक्षा एक तृतीयांशाने सोपा आहे.

आता यात हवा मिसळा. पाच हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या थोडा वर असतो. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण तेवढंच, एकवीस टक्के, पण हवाच विरळ. त्यामुळे एका श्वासात फुप्फुसांत येणारा प्राणवायू जवळपास निम्मा. शरीर जास्त वेगाने श्वास घेऊन काही भरपाई करतं, पूर्ण करत नाही. व्यायामशास्त्रातला एक ढोबळ ठोकताळा असा आहे की १,५०० मीटरांच्या वर दर शंभर मीटरांमागे माणसाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे एक टक्क्याने घटते. पाच हजार मीटरांवर हा तोटा पस्तीस टक्क्यांचा होतो. पुण्यात ज्याचं इंजिन १०० आहे त्याचं तिथे ६५ उरतं.

आणि १४० चे ६५ टक्के किती? ९१. सिंहगडाची आठ टक्क्यांची चढण आणि खारदुंग लाची पाच टक्क्यांची चढण त्याच वेगाने चढताना तुमच्या क्षमतेचा जवळपास तेवढाच हिस्सा मागतात. धाप तशीच, वेग तोच, पायांचे फेरेही तेवढेच. पुण्यात पाच टक्क्यांच्या चढावर कितीही सराव केला, तरी लडाखमधल्या पाच टक्क्यांची ओळख होणार नाही. ती ओळख करून द्यायला इथे आठ टक्केच लागतात. खड्या घाटात सराव करण्याचं माझ्या मते हे सर्वांत मोठं कारण आहे. हवा विरळ करणं आपल्या हातात नाही, पण चढण खडी निवडणं आहे.

हे गणित मांडीच्या स्नायूंचं आणि छातीच्या भात्याचं आहे. उंचीवर नीट झोप न लागणं, भूक मरणं, डोकं ठणकणं यांचं नाही. त्याकडे मी शेवटी वळेन, कारण ती शाळा सह्याद्रीत भरत नाही.

आता पहिली तयारी, आणि ती सायकलची.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते तेव्हा वाटेत दिवे घाट लागतो. सपाटीवर रथ ओढायला जेवढे बैल पुरतात तेवढे तिथे पुरत नाहीत, म्हणून घाटाच्या पायथ्याशी रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. चढ आला की ताकद वाढवायची, हा एक मार्ग. सायकलला जादा बैल जुंपता येत नाहीत. तिथे दुसरा मार्ग आहे, एकेका फेऱ्यात थोडंच अंतर कापायचं. गिअर हेच करतो.

रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलवर पुढे ३४ दात्यांची आणि मागे २५ दात्यांची चकती असेल, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.८ मीटर पुढे जाते. ताशी ७ किलोमीटरचा वेग धरला तर मिनिटाला जेमतेम ४१ फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर उभं राहिल्यासारखा जोर. मागे ३४ दात्यांची चकती लावली की एका फेऱ्यात २.१ मीटर, मिनिटाला ५६ फेरे. डोंगरी सायकलवर पुढे २६ आणि मागे ३६ असेल तर दीड मीटर, मिनिटाला ७७ फेरे. वेग तोच, शक्ती तीच, पण पहिल्या सायकलवर दर फेऱ्यात पायाला लावावा लागणारा जोर तिसरीच्या जवळपास दुप्पट. दोन-तीन तास हा जोर लावत राहिलं की गुडघ्याची वाटी तक्रार करू लागते आणि तयारीचे दोन महिने फिजिओथेरपीत जातात. घाटाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला सल्ला हाच देतो की नवा हलका टायर, महागडे बूट हे सगळं नंतर, आधी मागच्या चकत्यांची मोठी कॅसेट घ्या. हलका गिअर वापरणं कमीपणाचं आहे, असा एक समज आपल्या सायकल-मंडळांमध्ये अजून आहे. तो टाकून द्यायला हवा.

समज जुना आहे आणि फक्त आपला नाही. ‘टूर द फ्रान्स’ १९१० साली पहिल्यांदा पिरेनीज पर्वताच्या उंच खिंडींतून गेली, २,११५ मीटर उंचीच्या तुर्मालेवरून. तेव्हाच्या स्वारांच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक चकती असे. घाटाचा पायथा आला की उतरायचं, चाक काढायचं, उलटं फिरवून मोठी चकती चेनखाली आणायची आणि मग चढायचं. त्या वर्षीचा विजेता ऑक्टाव लापीझ या खिंडींमध्ये काही अंतर सायकल ढकलत चालला आणि चिडून आयोजकांना खुनी म्हणाला. चालता चालता गिअर बदलणारी यंत्रणा तोवर बाजारात येऊ लागली होती, हौशी प्रवासी ती वापरतही होते, पण शर्यतीचे कर्तेधर्ते आंरी देग्रांज यांना ती दुबळ्यांची सोय वाटे. या शर्यतीत अशा गिअरना परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं. जगातल्या सर्वांत ताकदवान पायांनीही संधी मिळताच हलके गिअर स्वीकारले, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आपल्याकडे घाट आणि सायकल यांचं सर्वांत जुनं आणि लाडकं नातं मुंबई-पुणे सायकल शर्यतीत आहे. खोपोली सोडली की बोरघाट सुरू होतो, आणि हा घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा मान मिळतो. इंग्रजांना या घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं, शिंग्रोबाचं मंदिर याच रस्त्यावर आहे, जाता-येता गाडीवाले तिथे हात जोडतात. खोपोली जेमतेम साठ-सत्तर मीटर उंचीवर, लोणावळा सहाशेच्या पुढे. सपाटीवर एकमेकांच्या आडोशाने, वारा चुकवत आलेला घोळका इथे विखुरतो. चढावर वेग उतरला की आडोशाचा फायदा संपतो. मग प्रत्येक जण एकटा असतो आणि किलोमागे किती वॉट, हा एकच प्रश्न उरतो. सपाटीवर दांडगा दिसणारा गडी इथे मागे पडतो, आणि पन्नास-पंचावन्न किलोचा कृश पोरगा पुढे निघतो. घाट कसा चढायचा हे ज्याला पाहायचं आहे त्याने एकदा बोरघाटात उभं राहून ही शर्यत पाहावी.

आता सरावाकडे. पहिल्यांदा सिंहगड चढायला गेलो तेव्हा मी नाक्यापासूनच जोर लावला आणि दीड किलोमीटरात कठड्यावर बसलो. मांड्या भरून आल्या होत्या, घशाला कोरड, कानात ठोके. झालं होतं ते असं: स्नायू जोराने काम करतात तेव्हा साखर जाळताना लॅक्टेट तयार होतं. शरीर ते इंधन म्हणून वापरतही असतं. एका मर्यादेपर्यंत तयार होणं आणि वापरलं जाणं यांचा मेळ बसतो. त्या मर्यादेच्या वर गेलं की मेळ सुटतो आणि काही मिनिटांत पाय जड होतात. सपाटीवर ही मर्यादा ओलांडली तर पॅडल सोडून क्षणभर दम घेता येतो. खड्या चढावर पॅडल सोडलं की सायकल थांबते. त्यामुळे चढावर झालेली चूक दुरुस्त करता येत नाही, ती मुळात टाळावी लागते. घाटाच्या सरावाचं सगळं मर्म ही मर्यादा ओळखण्यात आणि मग ती हळूहळू वर सरकवण्यात आहे.

ओळखायला महागडी यंत्रं लागत नाहीत. चढताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर तुम्ही आरामात आहात. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर मर्यादेच्या जवळ. एकच शब्द फुटत असेल, तर वर. हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा असेल तर उत्तम, पण मे महिन्याच्या उकाड्यात ठोके तसेही दहा-पंधरांनी वाढलेले असतात आणि पट्टा फसवतो. बोलणं फसवत नाही.

जूनच्या अखेरीस मनालीहून निघायचं असेल तर फेब्रुवारीत सुरुवात करावी. पहिला महिना सिंहगडाचं नाव काढू नये. कात्रजचा जुना घाट, दिवे घाट, बोपदेव हे प्रत्येकी काही किलोमीटरांचे चढ आहेत, आणि ते पूर्ण वाक्य बोलता येईल अशाच वेगाने चढावेत. जोडीला आठवड्यातून एकदा चार-पाच तासांची निवांत लांब फेरी. या महिन्यात काहीच घडत नाहीये असं वाटतं, आणि नेमकं याच महिन्यात सर्वांत मोलाचं काम चालू असतं. स्नायूंभोवती नव्या केशवाहिन्या फुटतात, पेशींमधली ऊर्जाघरं म्हणजे मायटोकॉन्ड्रिया वाढतात, चरबी जाळून चालत राहायची सवय लागते. पुढचे तीन महिने ज्यावर उभे राहायचे तो हा पाया. घाई करणाऱ्यांचा तो कच्चा राहतो आणि त्यांचे गुडघे एप्रिलमध्ये दुखू लागतात.

दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून एकदा सिंहगड, तोही सावकाश. हेतू वर पोहोचणं नसून न थांबता पोहोचणं हा असावा. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मिळतं, ते खाऊन यावं. तिसऱ्या महिन्यात मात्र दोन वेगळ्या प्रकारच्या मेहनती सुरू कराव्यात. एक दिवस वीस-वीस मिनिटांचे दोन टप्पे, तीन-चार शब्दच बोलता येतील अशा जोराने, मध्ये दहा मिनिटं हलके पाय. हा मर्यादा वर ढकलण्याचा सराव. दुसऱ्या दिवशी चार-चार मिनिटांचे चार टप्पे, बोलणं अशक्य होईल अशा जोराने, मध्ये तीन मिनिटं हळू. यात हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, म्हणजे इंजिनच मोठं होतं. पाच हजार मीटरांवर त्यातले ६५ टक्केच वापरता येणार असल्याने मूळ इंजिन जितकं मोठं तितकं बरं. या दोन दिवसांमध्ये किमान ४८ तासांचं अंतर हवं आणि दर चौथा आठवडा निम्म्या मेहनतीचा हवा. शरीर मेहनत करताना बळकट होत नाही, मेहनतीनंतरच्या झोपेत होतं. हे वाक्य नोकरी करून पहाटे चारला उठणाऱ्यांनी तर भिंतीवर लावावं.

शेवटचा महिना लांबीचा. एका सकाळी सिंहगड दोनदा, पंधरवड्याने तीनदा. शनिवारी घाट आणि रविवारी पुन्हा घाट, कारण हिमालयात रोज सकाळी काल दमलेल्या पायांनीच निघायचं असतं. प्रत्यक्ष जाताना जेवढं सामान सायकलवर असेल तेवढं आताच लादायला सुरुवात करावी. निघण्याआधीचे दहा दिवस मात्र जवळजवळ विश्रांती. त्या दहा दिवसांत काही कमावता येत नाही, गमावता मात्र येतं.

नागपूर, लातूर, परभणीच्या सायकलस्वारांचा प्रश्न रास्त आहे की आमच्याकडे घाट कुठे आहे? समोरच्या वाऱ्यात जड गिअर टाकून वीस-वीस मिनिटं चालवणं किंवा घरात स्टँडवर पुढचं चाक उंच ठेवून चालवणं, हे पर्याय आहेत. पूर्ण भरपाई होत नाही, पण बरीच होते. महिन्यातून एकदा रेल्वेने सायकल घेऊन जवळचा घाट गाठता आला तर सोन्याहून पिवळं.

चढताना बसायचं कसं, हेही शिकावं लागतं. बहुतेक वेळ सीटवर बसूनच चढावं, कारण उभं राहून पॅडल मारताना शरीराचा भार पेलायलाही प्राणवायू खर्च होतो. पण दहा-पंधरा मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहिलं तर पाठ आणि कंबर मोकळी होते. उभं राहण्याआधी गिअर एक-दोन पायऱ्या जड करावा, नाहीतर पाय एकदम मोकळा सुटतो आणि मागून येणाऱ्याच्या पुढच्या चाकावर आपण मागे येतो. चढ दहा-बारा टक्क्यांच्या वर गेला की सीटच्या पुढच्या टोकाकडे सरकावं, कोपरं वाकवावीत, छाती थोडी खाली आणावी. तसं केलं नाही तर पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं. माती-खडीच्या वाटेवर उभं राहिलं तर वजन पुढे जाऊन मागचं चाक जागच्या जागी फिरतं. तिथे बसूनच, पण पुढे झुकून.

वळणांचीही एक गंमत आहे. नागमोडी वळणाची आतली कड ही बाहेरच्या कडेपेक्षा खूपच खडी असते, कारण तेवढाच चढ तिथे कमी अंतरात कापावा लागतो. आपण डाव्या बाजूने चालवतो, म्हणून डावं वळण आलं की नेमकी ती खडी आतली कड आपल्या वाट्याला येते. वळणाच्या आधीच गिअर हलका करून ठेवावा आणि मागून-पुढून वाहन नाही याची खात्री असेल तरच थोडं बाहेरून जावं. उजव्या वळणावर आपण आपोआप बाहेरच्या सौम्य कडेला असतो, तिथे दम घ्यावा. नऊ किलोमीटरांच्या घाटात अशा लहान लहान विसाव्यांची बेरीज मोठी होते.

खाण्याबद्दल थोडक्यात. दीड तासापेक्षा जास्त चढायचं असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. केळी, खजूर, राजगिऱ्याची चिक्की, गूळ-शेंगदाणे यांवर काम उत्तम भागतं. परदेशी पाकिटांची गरज नाही. भूक लागेपर्यंत थांबू नये. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, उन्हाळ्यात त्यात चिमूटभर मीठ आणि लिंबू. नुसतं पाणी भरमसाट पिणंही बरं नाही, त्याने रक्तातलं सोडियम घसरतं. हा सराव नेमका चैत्र-वैशाखात येतो याचा एक छुपा फायदा आहे. उन्हाळ्यात घाम गाळून सवय झाली की रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं आणि हृदयाचं काम सोपं होतं.

उतार हा तयारीचा भाग आहे, हे फार कमी जण मानतात. ८५ किलो वजन ६०० मीटर खाली आणताना सुमारे ५०० किलोज्यूल ऊर्जा सुटते. दीड लिटर पाणी उकळायला एवढीच उष्णता लागते. यातली काही वाऱ्यात जाते, बाकीची तुमच्या ब्रेकमध्ये. एका मे महिन्यात सिंहगडावरून मी सगळा घाट ब्रेक दाबून धरून उतरलो आणि पायथ्याशी थांबून रिमला बोट लावलं. चटका बसला, फोड आला. अशाच तापलेल्या रिममुळे आतली ट्यूब फुटू शकते, आणि तीही वळणावर. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, दोन्ही मिळून जोराने लावावेत आणि सोडून द्यावेत, म्हणजे रिमला थंड व्हायला उसंत मिळते. वळताना बाहेरच्या बाजूचा पाय खाली, त्यावर वजन, नजर जिथे जायचं आहे तिथे, चाकासमोरच्या खड्ड्यात नाही. पहिल्या पावसानंतर घाटात शेवाळ आणि तेलाचा तवंग असतो, तेव्हा वेग निम्मा. आणि खिंडीच्या माथ्यावर घाम पुसायच्या आधी वारा अडवणारं जाकीट चढवावं. खारदुंग लावर ते केलं नाही तर दहा मिनिटांत बोटं बधिर होऊन ब्रेकच दाबता येत नाही.

आता सह्याद्रीत न शिकवला जाणारा धडा.

उंचीवर गेल्यावर शरीर पहिल्या तासापासून जुळवून घेऊ लागतं. श्वास वाढतो. श्वास वाढल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन रक्त अल्कधर्मी होतं. मूत्रपिंडं पुढचे काही दिवस बायकार्बोनेट बाहेर टाकून हा तोल सावरतात. लाल पेशी खऱ्या अर्थाने वाढायला आठवडे लागतात. या कशालाही सिंहगडावरच्या मेहनतीने वेग येत नाही. तंदुरुस्त माणसाला उंचीचा त्रास कमी होतो ही समजूत चुकीची आहे, आणि घातकही. उलट तंदुरुस्त माणूस एका दिवसात जास्त उंची गाठू शकतो, म्हणून तोच अडकतो. तीन हजार मीटरांच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरांपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा वैद्यकातला मान्य नियम. मनाली-लेह रस्त्यावर तो पाळणं अवघड आहे. केलाँग सुमारे ३,१०० मीटरांवर आणि पुढचा नेहमीचा मोठा मुक्काम सरचू ४,२९० मीटरांवर. एका उडीत हजार मीटरांच्या वर. सरचूच्या तंबूंमध्ये रात्रभर डोकं धरून बसलेली माणसं दिसतात ती यामुळेच. केलाँग किंवा जिस्पाला एक रात्र जास्त काढा, एवढी एक गोष्ट केली तरी निम्मं संकट टळतं. विमानाने थेट लेहला उतरणाऱ्यांनी किमान दोन दिवस सायकलला हात लावू नये. उंचीचा त्रास टाळण्यासाठीची अ‍ॅसेटाझोलामाइडची गोळी घ्यायची की नाही हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं, तिथे गेल्यावर सोबत्याला नाही. रक्तातलं हिमोग्लोबिनही महिनाभर आधी तपासून घ्यावं, विशेषतः स्त्रियांनी. ते कमी असेल तर विरळ हवेत तोटा दुप्पट वाटतो.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही पहिली सूचना: आज वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, सरळ रेषेत चालताना झोक जाणं ही शेवटची सूचना. यानंतर उजाडायची वाट पाहू नये, मिळेल त्या वाहनाने ताबडतोब खाली उतरावं. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठतं आहे असा त्याचा अर्थ, आणि यावर खाली उतरण्याइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही.

लेहहून निघालात की साऊथ पुल्लूपर्यंत, सुमारे २४ किलोमीटर, फार त्रास होत नाही. पुढे प्रत्येक किलोमीटर मोजावा लागतो. पॅडलचे फेरे पन्नासवर येतात, वेग सहावर. अशा वेळी उतरून दोनशे मीटर सायकल ढकलणं यात काहीही गैर नाही. माथ्यावरच्या फलकावर अनेक वर्षं १८,३८० फूट, म्हणजे ५,६०२ मीटर असं लिहिलेलं होतं. उपग्रहाच्या साहाय्याने केलेल्या मोजणीत ही उंची ५,३५९ मीटर भरली. मला खरा आकडाच जास्त आवडतो, कारण त्यातून एक सोपी परीक्षा मिळते.

लेह ते खारदुंग ला चढ सुमारे १,८५० मीटरांचा. सिंहगडाचा घाट सुमारे ६०० मीटरांचा. म्हणजे तीन सिंहगड मिळून जवळपास एक खारदुंग ला. मनालीचं तिकीट काढण्याआधी मे महिन्यातल्या एका रविवारी पहाटे पाचला नाक्यावर उभे राहा, सर्वांत हलका गिअर टाका आणि एका सकाळी तीनदा वर जाऊन या. तिसऱ्या खेपेला गडाच्या वाहनतळावर पोहोचताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं, तर तिकीट काढा. नाही आलं, तर पुढच्या वर्षीचं काढा.